कधी नाही, कधीकधी, नेहमी

सोनिका मॅडमने कागद माझ्याकडे फिरवला तेव्हा आधी वाटलं, कुणाची तरी लाल शाई सांडली. वर्गातल्या पोरांची नावं एकाखाली एक छापलेली होती आणि प्रत्येक नावापुढे एक गोल. हिरवे गोल, मधूनच एखादा पिवळा, आणि माझ्या नातीच्या, नंदूच्या, म्हणजे राजनंदिनीच्या नावापुढे लाल. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे. छापलेलं मला वाचता येतं, पण बोट ठेवून, आणि परक्यासमोर बोट ठेवून वाचायचं नाही हा माझा नियम आहे. म्हणून हात मांडीवरच ठेवले आणि सगळं वाचून झाल्यासारखी मान हलवली. मॅडम म्हणाली, "माँजी, बच्ची को अप्रैल में ऊपर की क्लास में नहीं भेज पाएँगे. एक साल अलग ग्रुप में रहेगी. बुरा मत मानिए." मी म्हटलं, बुरा कशाला मानू, शाळा तुमची आहे, पण हे ठरवलं कुणी तेवढं सांगा. तिने चष्मा वर सरकवला. वाईट मुलगी नाही ती. दिल्लीकडची आहे, सदा थकलेली, गळ्यात ओळखपत्र आणि पुढ्यात साय धरलेला चहा. म्हणाली, "किसी ने तय नहीं किया माँजी. ये तो आपके ही जवाब हैं."

अलग ग्रुपची खोली जिन्याखाली आहे. मी रोज नंदूला घ्यायला जाते, तेव्हा तिच्यावरूनच जावं लागतं. चार-सहा पोरं बसलेली असतात, त्यांना मोठे मोठे लाकडी मणी ओवायला दिलेले असतात. एक पोर आपलाच हात चावतं. त्यांना कुणी मारत नाही, ओरडत नाही, उलट फार हळू बोलतात त्यांच्याशी, आणि तेच मला ऐकवत नाही. दुखणाईतापाशी बोलावं तसं. त्या आवाजात माझ्या नंदूशी कुणी बोलतंय असं मनात आलं आणि तोंडाला धातूची चव आली, पितळेच्या पेल्यातून ताक प्यायल्यावर येते तशी. नंदू बाहेर बाकावर बसून होती, पाय हलवत. मी तिचं बोट धरलं आणि आम्ही निघालो. जयेंद्रगंजात ह्या वेळी वकिलांच्या स्कूटरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना इतक्या लागलेल्या असतात की माणसाला नाल्याच्या कडेने चालावं लागतं. मी नंदूला आतल्या बाजूला घेतलं. ती गप्प चालत होती. आमच्याकडे पोरं रस्त्यात बडबडत नाहीत. मोठं माणूस बोललं तर उत्तर द्यायचं, मान खाली घालून, मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उभं राहायचं नाही. समरजीत, माझा मुलगा, असाच वाढला. त्याचे वडील, दौलतसिंह, त्यांच्या चार पिढ्या फौजेत गेल्या आणि ते स्वतः बिजलीच्या दफ्तरात बाबू होते, पण घरात उठबस फौजेतलीच. वडील पहिला घास घेईपर्यंत ताटाला कुणी हात लावायचा नाही. नंदू शाळेत डबा उघडून बसून राहते, मॅडम खाईपर्यंत खात नाही. मॅडमनी त्यावरून लिहिलं की बच्चीला खाण्यात रस नाही. हे मला मागाहून कळलं. त्या दिवशी एवढंच कळत होतं की जवाब माझे आहेत.

आणि माझेच होते. डिसेंबरात शाळेने चिठ्ठी पाठवली होती की पोराबरोबर दिवसाचा जास्तीत जास्त वेळ जो राहतो त्याने यावं. हर्षिता, माझी सून, बँकेत जाते, समरजीत महिन्यातले अर्धे दिवस दवाईच्या कंपनीच्या कामाने झाशी-भोपाळ करतो. म्हणजे मीच. मला बरं वाटलं होतं, का खोटं सांगू. ह्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्या डोक्यावरून ह्या हातातून त्या हातात जातो. पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर माणसाला विचारत होतं. मी कोशाची साडी नेसून गेले, मॅडमसाठी तिळगुळाच्या गजकचा डबा नेला. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाली, मी सवाल वाचते, तुम्ही फक्त सांगायचं, कभी नहीं, कभी-कभी, की हमेशा. "बच्ची कहना मानती है?" मी म्हटलं, "कहाँ मानती है. एक नंबर की ज़िद्दी." "ज़िद हमेशा करती है?" "हमेशा." "दूसरे बच्चों के साथ चीज़ें बाँटती है?" "वो और बाँटेगी. मुट्ठी नहीं खोलती." "अपने हाथ से खाती है?" "अजी मैं न खिलाऊँ तो भूखी मरे." "नाम पूछो तो बताती है?" "मुँह में दही जमाकर बैठती है." मी हसत सांगत होते. मला आठवतं, उन्हाची एक पट्टी तिच्या टेबलावर आली होती, गजकच्या डब्यावर चकाकत होती, आणि मी मनात म्हणत होते की पोरगी शिकलेली असूनही ऐकून घेते बुवा. प्रत्येक उत्तरानंतर मी थोडी थांबत होते. ती म्हणायची, "ओके," आणि खूण करायची.

ते थांबणं तिला कळलं नाही. आमच्याकडे आपल्या पोराला परक्यासमोर चांगलं म्हणत नाहीत. कुणी म्हटलं, काय गोरं पोर आहे हो, तर म्हणायचं, कसलं गोरं, उन्हातान्हात हिंडून डांबर झालंय. कुणी म्हटलं हुशार आहे, तर म्हणायचं, खायला हुशार. मग समोरच्याने म्हणायचं, नाही हो, गुणी आहे पोर. मग आपण पुन्हा, कसली गुणी. पंगतीत वाढणारा आग्रह करतो आणि आपण ताटावर आडवा हात धरतो, तसंच. हात धरला म्हणून भूक नाही असं समजून वाढपी पुढे गेला, तर तो वाढपी कसला. मी दर वेळी वाट पाहत होते की मॅडम म्हणेल, नहीं नहीं माँजी, इतनी प्यारी बच्ची है. तिने आग्रह केलाच नाही. तिने लिहून घेतलं. देवासला, माझ्या माहेरी, माझी आई बायकांच्या बैठकीत मला पुढे ओढून दाखवायची, "हिचं नाक बघा, वाटीतलं भजं." बायका म्हणायच्या, नाक तरतरीत आहे हो. आई म्हणायची, "तरतरीत म्हणे, शिंक आली की सगळ्या घराला कळतं." आणि मी मधे उभी, परकराची नाडी तोंडात. मला राग येत नव्हता. मला वाटतं, येत नव्हता. एकदा गावातल्या कुणा बाईने तोंडभर म्हटलं, मुलगी देखणी होणार हो तुमची, आणि आईने काहीतरी बोलण्याआधी माझ्या धाकट्या बहिणीने धाडकन दार लोटलं, आईला बोलायला सापडलं नाही. त्या रात्री मला ताप चढला. आईने मीठ-मोहरी विस्तवात टाकली आणि ज्या बाईने म्हटलं तिला शिव्या घातल्या, पण बघत होती ती माझ्याकडे, जसं काही माझ्यावरून तिचाच हात वेळेवर फिरला नव्हता. तापात मला तिचा चेहरा फार जवळ आणि फार मोठा दिसत होता. तोंडातून एकदा चांगलं निघालं आणि त्याच्यावर वाईटाचं झाकण पडलं नाही, तर ते उघड्या दुधासारखं पडून राहतं. हे मला कुणी शिकवलं नाही. पापणी मिटायला कुणी शिकवतं का.

माधवगंजात आमच्या खालच्या मजल्यावर सुधाताई राहतात. त्या ब्राह्मण, त्यांचे कोणी पूर्वज दरबारात हिशेब लिहायचे, आता मुलगा इंजिनिअर आहे. त्यांचा नातू अभिराम नंदूच्याच वर्गात. त्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा सुधाताई दारात तांदूळ निवडत होत्या. मी काही बोलणार नव्हते, पण त्यांनीच विचारलं, "आज रिझल्ट होता ना हो त्या प्रश्नांचा? आमच्या अभिरामला सगळं हिरवं." मी म्हटलं, "अभिरामला हिरवं?" अभिराम चावतो. नंदूच्या दंडावर त्याच्या दातांच्या खुणा मी हळद लावून घालवल्या आहेत. मी म्हटलं, "तो चावतो ते नाही का विचारलं?" सुधाताईंनी सूप ठेवलं. "विचारलं की. मी सांगितलं, तो चावत नाही, तो फार हळवा आहे, भावना अनावर होतात त्याच्या. मॅडमनी लिहूनसुद्धा घेतलं, संवेदनशील. मी तासभर बसले होते तिच्याकडे. त्याचे श्लोक म्हणून दाखवले." "त्याने?" "तो कुठे होता, मीच म्हटले." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं काय झालं?" मी म्हटलं, "आमचंही झालं," आणि जिना चढले. जिन्यात गारवा होता. नंदू माझ्या पुढे एकेक पायरी दोन्ही पाय ठेवून चढत होती. मला सुधाताईंचा राग आला नाही. त्यांच्याकडे पोराचे गुण बाहेर मांडतात, आमच्याकडे झाकतात. त्यांनी आपल्या रीतीने सांगितलं, मी आपल्या. दोन्ही रीतींत खरं पोर कुठेच नव्हतं. पण त्यांची रीत त्या कागदाला कळत होती आणि माझी कळत नव्हती, एवढाच फरक, आणि त्या फरकावर एक पोर अंगणात खेळणार होतं आणि एक जिन्याखाली मणी ओवणार होतं.

संध्याकाळी हर्षिताने कागद वाचला. तीही आमच्या जातीतलीच आहे, पण कॉन्व्हेंटात शिकलेली. वाचताना तिचं तोंड लहान होत गेलं. "आईसाहेब, तुम्ही सगळीकडे हमेशा सांगितलंत?" मी म्हटलं, "मग काय आपल्याच पोरीचे गोडवे गाऊ परक्या बाईपुढे?" ती म्हणाली, "उसको कैसे पता चलेगा? तिच्याकडे रोज किती घरं येतात." रागावली की तिची मराठी सुटते. मी म्हटलं, "पोरीला एकदा बघितलं असतं तर कळलं असतं." तिने कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. समरजीत जेवत होता. त्याने ताटातून मान वर न करता म्हटलं, "मलाही कुठे कळत होतं." मी विचारलं, काय. "तू लोकांसमोर मला बैल म्हणायचीस. मला दहावीत फर्स्ट डिव्हिजन मिळाली, संभाजीराव काका पेढे घेऊन आले, तू म्हणालीस, नकल केली असेल." तो हसला, रागाने नाही, कुणा दुसऱ्याची गंमत सांगावी तसा. "ते तर म्हणायचं असतं," मी म्हटलं, "तुला कळत नव्हतं ते?" "कसं कळणार. मागून एकट्यात कधी चांगलं म्हणाली नाहीस." मग त्याने भात मागितला. मी वाढला. मला म्हणायचं होतं की तू झोपलास की तुझ्या तोंडावरून हात फिरवून मी माझ्या कानशिलांवर बोटं मोडायची, दहाच्या दहा मोडायची, आणि ज्याच्यासाठी मोडतात त्याच्यावर किती जीव असतो ते त्या आवाजात असतं. पण तो झोपलेला असायचा. हे माझ्या तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं असं नाही. ह्या बाजूने आलं नव्हतं. तो आता चाळिशीला आलाय, आणि साहेब त्याला काही बोलला तर घरी येऊन म्हणतो, बरोबरच आहे त्याचं, माझ्यात कमी आहे. मी समजत होते की तो नम्र आहे.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले, मॅडमला सांगायला की मागचे जवाब पुसा. बाहेर बाकावर बसावं लागलं, आत एक बाई होती. भाजीमंडीकडची असावी, पायात नवऱ्याच्या चपला. सरकारी कायद्याने गरिबांसाठी ठेवलेल्या जागेवर तिचा मुलगा होता. दार उघडंच होतं. मॅडम विचारत होती, "बच्चा दूसरों को मारता है?" "हाँ जी." "बच्चा शांति से बैठता है?" "हाँ जी." "बिना बात रोता है?" "हाँ जी." "हमेशा?" "हाँ जी, हमेशा." डोक्यावरचा पदर ती दर उत्तराला पुढे ओढत होती. शिकलेल्या बाईने काही म्हटलं तर तिला नाही म्हणायचं नाही, हे तिच्या घरात शिकवलं असणार. मला आधी हसू आलं. मग वाटलं, ही आत बसून हो हो म्हणत मुलाला जिन्याखाली उतरवते आहे आणि तिला वाटतं आहे की आपण मोठ्या अदबीने वागलो. बाहेर आली तेव्हा माझ्याकडे बघून समाधानाने हसली. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार, मी कोण.

मॅडमने माझं ऐकून घेतलं. आमच्याकडची रीत, नजर, परक्यासमोर चांगलं न बोलणं, सगळं मी माझ्या घरगुती हिंदीत सांगितलं. तिने सावकाश डोळे चोळले. "माँजी, रिज़ल्ट के बाद हर कोई यही कहने आता है. कि हमने ऐसे ही बोल दिया था." मी म्हटलं, आपने हमसे गलत सवाल पूछे. ती म्हणाली, "मैं सबसे वही सवाल पूछती हूँ, बिलकुल एक ही तरह से. इसी को तो बराबरी कहते हैं." तिचा त्या कागदावर विश्वास होता, जसा माझा मीठ-मोहरीवर. पण परतताना सबंध रस्ताभर मी एका मापाची पोलकी शिवणाऱ्या शिंप्याचा विचार करत होते. तो म्हणतो, मी सगळ्यांना सारखंच शिवलं. आणि ज्या बाईचे दंड त्यात जात नाहीत, ती आपल्या दंडांना दोष देत बसते. निघताना मॅडमने एवढं सांगितलं की अजून एक मोठी प्रश्नावली आहे, लाल आलेल्यांसाठी. त्यात ठीक निघालं तर बच्ची वर्गाबरोबर वर जाईल. पण ती आई किंवा बापानेच भरायची. दादीची चालणार नाही.

दादीची चालणार नाही. हे वाक्य मी घरी येऊन पुष्कळदा मनात म्हणून बघितलं, पुढून, मागून, पीठ मळताना. सकाळी तिची वेणी मी घालते. तिला कोमट दूध लागतं, गरम नाही. झोपताना तिला माझ्या बांगड्या मोजायच्या असतात. कागदावर मात्र सांभाळणारीच्या जागी हर्षिताचं नाव जाणार. मी नाही म्हटलं असतं तर समरजीतने माझ्यासाठी भांडण केलं असतं, आणि नंदू खाली बसली असती. मी हर्षिताला म्हटलं, सुट्टी काढ. तिने विचारलं, "तुम्हीही येणार ना?" मी म्हटलं, मी कशाला. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी ओळखलं की ती घाबरली आहे.

गेले. मॅडमने मला मागच्या खुर्चीवर बसवलं, भिंतीला लागून, आणि म्हणाली, माँजी, आप बस सुनिए. पहिलाच सवाल, नई जगह जाए तो बच्ची क्या करती है. हर्षिता थांबली. मग मान मागे वळवून मराठीत हळूच म्हणाली, "काय करते, आईसाहेब?" मी म्हटलं, "आधी पदर धरते. मग तिची तीच सोडते. एका मंगळवारी टेकडीवरच्या देवीला, मांढऱ्याच्या मातेला गेलो होतो तेव्हा चढावर मला घट्ट धरून होती, आणि वर पोचल्यावर फुलवालीच्या शेजारी जाऊन बसली, तिला झेंडू निवडून देत होती, मोठे वेगळे, बारके वेगळे. फुलवालीने तिला मोबदला म्हणून एक शेवंती दिली, ती तिने देवीला नाही वाहिली, मला आणून दिली." हर्षिता पुढे वळली आणि म्हणाली, "थोड़ा टाइम लेती है, फिर घुल-मिल जाती है." माझा सगळा मंगळवार एवढ्याशा वाक्यात गेला. खूण झाली. दूसरे बच्चे को चोट लगे तो? हर्षिता वळली. मी म्हटलं, "अभिराम जिन्यात पडला तेव्हा त्याच्या गुडघ्यावर फुंकर घालत बसली होती. आदल्या दिवशीच तो तिला चावला होता." हर्षिताचे डोळे मोठे झाले. तिला चावल्याचं माहीत नव्हतं. ती पुढे वळून म्हणाली, "दूसरों का दर्द समझती है." असं चाललं. कोणता रंग, अंधाराला भिते का, गोष्ट पुरती ऐकते का, तिने मोडलेलं आपण होऊन सांगते का. हर्षिता वळायची, मी सांगायची, ती पुढे न्यायची. बांधकामावर माणसं हातोहात विटा देतात तसं. मधेच माझ्या ध्यानात आलं की मी इतका वेळ नंदूचं नुसतं चांगलं सांगते आहे, मोठ्याने, एका परक्या बाईच्या देखत, आणि जीभ अडखळली नाही. कारण मी परकीला सांगतच नव्हते, सुनेला सांगत होते. हर्षिताची मान शरमेने तांबडी झाली होती. पोटच्या पोरीचं तिला काही येत नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. ते तेवढं वाटलं नाही. मला तिची पाठ दिसत होती, ब्लाउजची एक शिवण उसवलेली, सकाळी घाईत तिच्या लक्षात आली नसेल, आणि मी नुसती ती शिवण बघत राहिले.

मॅडमचा चेहरा मऊ झाला होता. पान संपत आलं होतं. शेवटचाच सवाल होता, तिने चहाचा कप बाजूला करत वाचला. "क्या बच्ची अपने बारे में बुरा बोलती है? जैसे, मैं गंदी हूँ, मुझे कुछ नहीं आता?" ह्या वेळी हर्षिता वळली नाही. "नहीं नहीं," ती हसून म्हणाली, "कभी नहीं." आणि मॅडमची पेन्सिल खाली येऊ लागली.

ह्याच्या आधी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे बायका जमल्या होत्या. नंदूला मी हिरवा परकर शिवला होता. शेजारच्या गुरुप्रसादची बायको तिला म्हणाली, अगबाई, किती छान दिसतेस ग. मी तोंड उघडणार तोच नंदूने हात जोडले आणि म्हणाली, "मी कसली छान. मी काळी. मी हट्टी. मला काही येत नाही." बायका इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. मीही हसले. मी तिला तिळाचा लाडू दिला. मग ती दूधवाल्याला म्हणू लागली, वरच्या भाडेकरणीला म्हणू लागली, जो येईल त्याला. मला ती शहाणी वाटत होती, घरची रीत उचललेली. आणि एके दुपारी मी कपडे घड्या करत होते, तेव्हा ती कपाटाच्या आरशासमोर उभी होती. हात जोडलेले नव्हते. ती आरशात बघून हळू आवाजात सांगत होती, मी काळी, मी हट्टी, मला काही येत नाही. पाहुणं कुणीच नव्हतं. कुणी आग्रह करायला नव्हतं, कुणी नाही हो म्हणायला नव्हतं. मी हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिले आणि मग घडी पुरी केली. ते मी हर्षिताला सांगितलं नाही. हर्षिता बँकेत होती.

मी म्हटलं, "कभी नहीं नहीं. हमेशा." माझा आवाज मॅडमच्या खोलीत फार मोठा आला. हर्षिता पटकन वळली, खालच्या आवाजात म्हणाली, "आईसाहेब, लाल होईल." मी म्हटलं, होऊ दे. मॅडमने पेन्सिल हवेतच धरली. मग तिने विचारलं, "किससे सीखा?" हा सवाल कागदावर नव्हता. ती कागदाकडे बघतच नव्हती. मी म्हटलं, "मुझसे." आणखी काही सांगावं असं वाटलं नाही. जे सांगायचं ते माझं तिला त्या दिवशी सांगून झालं होतं आणि तिने ते घेतलं नव्हतं. पण ह्या वेळी घेतलेलं दिसलं. माणूस स्वतःच्या तोट्याचं बोलला की त्याचं आधीचं बोलणंही लोक खरं धरतात, हा बाजारातला हिशेब तिलाही ठाऊक असावा. तिने माझा डिसेंबरचा कागद काढला, तो आणि हा शेजारी शेजारी ठेवले, आणि समासात, जिथे कुठलाच गोल नव्हता, तिथे आपल्या अक्षरात बारीक बारीक लिहीत बसली. काय लिहिलं ते मी बोट ठेवूनसुद्धा वाचू शकले नसते. मी तिला विचारलं, "वो जो हाँ जी बोलती थी, उसका बच्चा?" तिला आधी आठवलं नाही. मग आठवलं. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "देखती हूँ, माँजी."

एप्रिलात नंदू वर्गाबरोबर वर गेली. शुक्रवारी तेवढी सोनिका मॅडमकडे अर्धा तास बसते, चित्रं काढते. त्या दुसऱ्या मुलाचं काय झालं, मला माहीत नाही. जिन्याखालच्या खोलीकडे मी अजून नीट बघत नाही. परवा सुधाताई साखर मागायला वर आल्या. नंदू नवा गणवेश घालून उभी होती, मी तिची वेणी सोडत होते. सुधाताई म्हणाल्या, "काय गोड दिसते हो तुमची नंदू." आणि थांबल्या. इतकी वर्षं शेजार आहे, माझं पुढचं वाक्य त्यांना पाठ आहे, त्याच्यावर आपलं काय म्हणायचं तेही त्यांच्या ओठांवर तयार असतं. नंदूची मान माझ्या हातात होती, ती ताठ झालेली मला कळली. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं. मी ते गिळलं. त्याच्या जागी दुसरं म्हणायला मला काही येत नव्हतं. अंगावर काटा आला, देवासच्या त्या रात्रीसारखा, दार लोटल्याचा आवाज झाला असंही वाटलं. सुधाताई वाटी हातात धरून वाट पाहत होत्या. नंदूही पाहत होती. मी तिच्या केसांतून फणी फिरवत राहिले.